तीळ गेला, पण डागाचे काय? चेहऱ्यावरचा व्रण भरताना घ्यायची काळजी

लग्न महिन्यावर आले की अनेकांना चेहऱ्यावरचा उठून दिसणारा तीळ खुपू लागतो. दवाखान्यात तो थोड्या वेळात निघतोही. पण महिनाभराने त्या जागी लालसर, कडक खूण दिसते आणि घाबरून भलतेच उपाय सुरू होतात. प्रत्यक्षात या टप्प्यावर खूण तशी दिसणे स्वाभाविक आहे.

व्रण कसा तयार होतो?
अनेक तिळांच्या पेशी त्वचेच्या आतल्या थरापर्यंत गेलेल्या असतात. तिथवर जखम झाली की शरीर ती कोलॅजन या प्रथिनाने भरून काढते. ही भर म्हणजेच व्रण. सुरुवातीला कोलॅजन घाईने आणि विस्कळीतपणे साचते. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने व्रण लाल आणि टणक असतो. नंतर तो हळूहळू मऊ आणि फिका होतो. याला ६ ते १२ महिने, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो.

पहिले दोन आठवडे
चेहऱ्यावरचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांत काढतात. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने तीळ काढला असेल, तर खपली आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडते. ती नखाने काढल्यास खड्डा राहू शकतो. जखम कोरडी पडू द्यावी, हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती हलक्या हाताने धुऊन पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावल्यास ती लवकर भरते.

जखम भरल्यावर
सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर जखमेनंतर काळपट डाग पडण्याची शक्यता अधिक असते आणि ऊन तो गडद करते. म्हणून एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन रोज लावा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी किमान दोन-तीन महिने वापरल्यास व्रण सपाट होण्यास मदत होते.

हे टाळा
लिंबू, चुना, टूथपेस्ट यांनी नवी त्वचा भाजते. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावल्याने काहींना ॲलर्जी होते. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त क्रीम त्वचा पातळ करते.

डॉक्टरांकडे कधी जावे?
पू, ताप किंवा वाढती सूज असेल तर लगेच जा. व्रण मूळ जखमेच्या कडा ओलांडून वाढत असेल, तर तो केलॉइड असू शकतो. त्यावर डॉक्टर इंजेक्शन देतात. घरात कुणाला केलॉइड असल्यास तीळ काढण्यापूर्वीच सांगा. व्रणात पुन्हा काळा रंग दिसू लागला तरी दाखवून घ्या.

काढण्याआधी हे विचारा
आकार किंवा रंग बदललेला, कडा वेड्यावाकड्या असलेला अथवा रक्त येणारा तीळ लेझरने जाळू नये. तपासणीसाठी काही उरत नाही आणि त्वचेचा कर्करोग असल्यास तो नजरेतून सुटू शकतो. असा तीळ कापून बायोप्सीसाठी पाठवावा लागतो. त्यामुळे पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

तीळ साधा असेल आणि लग्नाची तारीख ठरली असेल, तर तो किमान सहा महिने आधी काढा. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर लग्नानंतरच काढलेला बरा.