डबलसीट प्रवासातली प्लास्टिकची भिंत

कोरोनाच्या साथीतल्या मनाईनंतर फिलिपिन्समध्ये 10 जुलै 2020 पासून मोटरसायकलवर डबलसीट बसायला पुन्हा परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. बसणारे दोघे विवाहित किंवा एकाच घरात राहणारे जोडपे हवे, आणि चालवणारा व मागे बसणारा यांच्यामध्ये सरकारमान्य आडोसा हवा. नाते सिद्ध करायला विवाहाचा दाखला किंवा एकच पत्ता असलेली ओळखपत्रे जवळ बाळगायची होती. दुसऱ्या अटीवरून जो संताप उसळला, तो समजायला त्या दिवसांतली राजधानी मनिला डोळ्यांसमोर आणावी लागते.

17 मार्चला मनिला ज्या बेटावर आहे त्या लुझोनवर कडक टाळेबंदी लागली आणि सार्वजनिक वाहतूक थांबली. 1 जूनपासून राजधानीत निर्बंध सैल झाले, कामाच्या जागा उघडल्या, पण तिथे पोहोचायचे कसे हा प्रश्न तसाच राहिला. सामान्यांचे खरे वाहन म्हणजे जीपनी ही छोटी प्रवासी गाडी. पारंपरिक जीपन्यांपैकी सुमारे 6,000 गाड्यांची पहिली तुकडी रस्त्यावर आली ती थेट 3 जुलैला. त्यातच कर्मचाऱ्यांना लागण झाल्याने एमआरटी-3 ही शहरी रेल्वे 7 जुलैपासून काही दिवस बंद पडली. भाड्याच्या मोटरसायकल टॅक्सीही बंद होत्या. घरची दुचाकी हाच कितीतरी कुटुंबांचा आधार होता, आणि तिच्यावर बायकोला मागे बसवून कामावर सोडणे तोवर गुन्हा ठरत होता.

आडोशाचा पहिला मान्य नमुना बोहोल प्रांताचे गव्हर्नर आर्थर याप यांच्याकडून आला. चालकाच्या पाठीमागे गाडीलाच पक्की बसवलेली चौकट, तीत पारदर्शक प्लास्टिक आणि मागच्या माणसाला धरायला दोन्ही बाजूंना मुठी. काही दिवसांतच ‘अंगकास’ या मोटरसायकल टॅक्सी कंपनीचा दुसरा नमुना मान्य झाला. त्यात ढाल गाडीला न जोडता चालकाने पट्ट्यांनी स्वतःच्या पाठीवर बांधायची होती.

लोकांचा पहिला आक्षेप साधा होता. जे दोघे एका खोलीत झोपतात, एका ताटात जेवतात, त्यांना रस्त्यावरच्या अर्ध्या तासापुरते वेगळे करून कोणता संसर्ग थांबणार? सिनेटमध्येही हाच सूर उमटला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता, आणि तो दुचाकी उत्पादकांनी व चालकांच्या संघटनांनी मांडला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ताशी 30 वरून 60 किलोमीटर झाला, की तो चौपट होतो. एवढ्या मोठ्या सपाट पृष्ठभागावर बाजूने वारा आला किंवा शेजारून ट्रक गेला, तर चौकट शिडासारखी वारा धरते आणि गाडी ढकलली जाते. मोटरसायकल वळते ती झुकून, आणि मागचा माणूस चालकाच्या कमरेला धरून त्याच्याबरोबर झुकतो. मध्ये भिंत आली की ही जुळणी तुटते. अचानक ब्रेक लागला, तर मागच्याचा भार त्या चौकटीवरच येतो. अपघातात ती कुठे लागेल याचा भरवसा नाही. विषाणूचा धोका या जोडप्यांपुरता फारसा घटत नव्हता, अपघाताचा मात्र नव्याने निर्माण होत होता. नियमाचा खरा दोष हा होता.

सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. गृहमंत्री एदुआर्दो आन्यो आणि अंमलबजावणीचे प्रमुख, पोलीस अधिकारी गिलेर्मो एलेझार यांच्यासमोर वाढते रुग्ण आणि भरलेली रुग्णालये होती. शिंकण्याखोकण्यातून उडणाऱ्या थेंबांना अडवायचे, या विचाराने तेव्हा जगभर दुकानांत, बँकांत, रिक्षांत प्लास्टिकचे पडदे लागले होते. पण त्याच आठवड्यात 239 शास्त्रज्ञांनी संसर्ग हवेतूनही पसरतो, याकडे जागतिक आरोग्य संघटनेचे लक्ष वेधले होते. बंद, कोंदट खोली आणि धावत्या गाडीवरची मोकळी हवा यांतला धोका सारखा नसतो. शिवाय मोटरसायकलवर दोघांनाही हेल्मेट आधीच सक्तीचे होते. त्याच्या जोडीला मास्क होता. नियम ठरवण्याआधी दुचाकीच्या जाणकारांना विचारले असते, तर यातले बरेचसे तिथेच कळले असते.

मग मुदतीचा घोळ झाला. आडोसा बसवायला आधी 19 जुलै, मग 26, मग 31 जुलै अशी मुदत वाढत गेली. रोजगार बुडालेल्या माणसाने खिशाला खार लावून चौकट बसवली, आणि शेजारचा मुदतवाढीवर निर्धास्त फिरला. जो नियम वेळेवर पाळणाऱ्याचेच नुकसान करतो, त्याच्यावरचा विश्वास झपाट्याने उडतो.

डबलसीटवर बंधने भारतातही आली. मे 2020 च्या केंद्रीय आदेशानुसार रेड झोनमध्ये, म्हणजे जास्त संसर्गाच्या भागांत, दुचाकीवर एकट्यानेच जायचे होते. महाराष्ट्रात निर्बंध सैल करणाऱ्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या सुरुवातीलाही तोच नियम होता, पुढे हेल्मेट आणि मास्क घालून दोघांना मुभा मिळाली. इथे मनाई होती, पण गाडीवर काही ठोकून बसवायची सक्ती नव्हती. त्यामुळे गैरसोय झाली तरी गाडीचा तोल बिघडण्याचा प्रश्न आला नाही.

मनिलात ऑगस्टच्या सुरुवातीला निर्बंध पुन्हा कडक झाले. ते 19 ऑगस्टला सैल होताना एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आडोशाची अट काढून टाकण्यात आली. मोटरसायकल टॅक्सी नोव्हेंबरमध्ये परतल्या. तिथे चालक आणि प्रवासी एकमेकांना अनोळखी असतात, त्यामुळे प्रवाशाने स्वतःचे हेल्मेट आणावे, यासारख्या अटींना अर्थ होता.