गाडी, घर आणि गळफास

‘दोनच पानं वाचतो’ म्हणून रात्री जेवणानंतर पुस्तक उघडावं आणि एकदम दूधवाल्याच्या हाकेनंच भान यावं, असं भाग्य फार थोड्या पुस्तकांच्या वाट्याला येतं. जॉन ग्रिशॅमची ‘द फर्म’ ही त्यांतलीच एक. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत ४७ आठवडे ठाण मांडून बसली. गंमत अशी, की याच लेखकाच्या १९८९ सालच्या पहिल्या कादंबरीच्या प्रती निघाल्या होत्या अवघ्या ५ हजार! वकिली सांभाळून तो पहाटे लिहायला बसे. ‘द फर्म’ला प्रकाशक मिळण्याआधीच तिचे चित्रपटाचे हक्क ६ लाख डॉलरना विकले गेले.

आमच्या पिढीला रहस्यकथा नवी नव्हती. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’वर आम्ही पोसलो. पण तिथं खलनायक आल्याबरोबर ओळखू येई. ग्रिशॅमचा खलनायक मात्र कोट-टाय घालून येतो, हसून हात मिळवतो आणि नोकरी देतो!

मिच मॅकडिअर हा गरिबीतून वर आलेला तरुण. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडतो, तोच मेम्फिसची एक श्रीमंत वकिली कंपनी त्याला बोलावते. पहिल्याच वर्षी ८० हजार डॉलर पगार, नवी बीएमडब्ल्यू, घरासाठी अल्प व्याजानं कर्ज, शिवाय शिक्षणाचं कर्जही कंपनीच फेडणार. आणखी काय हवं? हळूहळू कळतं, की कंपनी शिकागोच्या गुन्हेगारी टोळीचा काळा पैसा केमन बेटांकडे वळवते, घराच्या भिंतींना कान आहेत आणि नोकरी सोडू पाहणारे जिवंत राहत नाहीत.

मला या कादंबरीत गोळीबारापेक्षा एक साधी गोष्ट जास्त भेदक वाटते. आपल्या वकिलांनी लग्न करावं, मुलंबाळं व्हावीत, मोठं घर घ्यावं, असा या कंपनीचा आग्रह असतो. वरवर किती प्रेमळ! पण हप्ते आणि लेकरं पाठीशी असलेला माणूस सहजासहजी राजीनामा देत नाही, हे ती पुरेपूर जाणून आहे. वाचक पानामागून पान उलटतो तो मिचच्या काळजीनं, आणि थोडा स्वतःच्याही. महिन्याच्या एक तारखेची वाट पाहणाऱ्या कुणाला हा फास परका वाटेल?

आणि यात कल्पनेचा फुगा फारसा नाही. कादंबरी आली त्याच वर्षी, जुलै १९९१ मध्ये, बीसीसीआय ही आंतरराष्ट्रीय बँक गैरव्यवहारांपायी बंद पाडण्यात आली. तिचा पसारा लक्झेंबर्ग आणि केमन बेटांवर नोंदलेला होता, अन् मुंबईतही तिची शाखा होती. मिच पुरावा म्हणून हजारो कागदांच्या प्रती काढवतो, तेव्हा ते अतिशयोक्त वाटलं होतं. २०१६ साली पनामातल्या एका वकिली कंपनीची सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रं फुटली. त्यांत भारतीय नावंही निघाली. केमन बेटांवर आजही आयकर नाही.

माझ्या भाच्याला पहिली नोकरी लागली, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. पत्राच्या चौथ्या पानावर मात्र बारीक अक्षरांत तीन वर्षांचा बॉण्ड होता, मध्येच सोडल्यास भरायची रक्कम होती आणि जामीन म्हणून वडिलांची सही हवी होती. दीड वर्षात त्या पोराला रात्री झोप येईना, पण सोडायची सोय नव्हती. तिथं ना टोळी होती ना खून. तरी त्याचा उतरलेला चेहरा पाहताना मला मिच आठवत असे.

ग्रिशॅमच्या कादंबऱ्या पुढं मराठीतही आल्या. ‘द फर्म’चा शेवट मी सांगत नाही, तो ज्यानं त्यानं वाचावा. नोकरीवर निघालेल्या मुलामुलींनी तर आवर्जून. पगाराचा आकडा पाहून हरखणं साहजिकच आहे. पेढे जरूर वाटा. पण त्याआधी सगळ्यांनी मिळून ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आत येताना काय मिळणार हे पहिल्या पानावर असतं. बाहेर पडताना काय द्यावं लागणार, ते बहुधा शेवटच्या.