नऊ तारखेच्या बाकावर

जुलैची नऊ तारीख आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या फुगवट्यामागच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसायला जागा उरलेली नाही. आवणीचे दिवस. दारात चिखलाच्या चपलांची रास पडली आहे, खिडकीच्या गजांना प्लॅस्टिकच्या ओल्या खोळी अडकवल्या आहेत आणि भिंतीलगतच्या लांब बाकावर बायका एकमेकींना खेटून बसल्या आहेत. सहाव्यातल्या, आठव्यातल्या, दिवस भरत आलेल्या. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बाईची तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी व्हावी, अशी योजना २०१६ पासून देशभर चालू आहे. आज तालुक्याहून निघालेल्या डॉक्टरीणबाईंना रस्त्यात पडलेल्या दरडीनं अडवलं आहे.

"लावणी अर्धी टाकून आलो आम्ही," एकजण कुरकुरते.

"लावणी उद्या होईल. बीपी उद्यापर्यंत थांबत नाय," आशाताई म्हणतात आणि हातातल्या वहीत पुढच्या नावापुढे खूण करतात. डोंगरातल्या तीन वाड्यांतून फिरून त्यांनी या बायका गोळा केल्या आहेत.

वाट बघता बघता बोलणी सुरू होतात. बाकाच्या टोकाला विशीतली एक पहिलटकरीण आहे, तिच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी. मुलीनं सहजच विचारलंय, कळा म्हणजे नेमकं कसं दुखतं? आणि सगळा बाक तिच्याकडे वळला आहे.

"आधी पाठीतून येतंय," तिसऱ्या खेपेची एक सावळी, उंच बाई सांगते. "कंबरंतून निघून पुढं ओटीपोटात उतरतं. मंग सोडून देतं. सोडलं की वाटतं, झालं, गेलं. तवर दुसरी. खोट्या कळा असल्या की चालल्यावर थांबतात. खऱ्या चालल्यावर वाढतात. हे ध्यानात ठेव."

"माझं पहिलं घरीच झालं," ती पुढे म्हणते. "या आजीनंच सोडवलं मला."

आजी मान हलवते. वाडीतली सुईण होती ती, तिच्या सासूकडून हे काम तिच्याकडे आलं. सरकारनं मागं तिला शिकवणीला बोलावलं होतं. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, नाळ स्वच्छ, हे पाचही ती अजून बोटांवर म्हणून दाखवते. त्या वेळी मिळालेली पत्र्याची पेटी घरात आहे, आता तिच्यात रेशनकार्ड आणि सातबारा ठेवतात.

"आजी रातभर हलली नाय माझ्यापासून," सावळी बाई सांगते. "आढ्याला दोर बांधला होता, तो धरून मी उकिडवी बसायची. मधीच उठून चालायची. आजी कंबरंला तेल चोळायची. भूक लागली तर पेज दिली. एकदाबी म्हणली नाय की आरडू नको. म्हणली, आरड, डोंगरालाच ऐकू जाईल, दुसरं कोण ऐकतंय!"

बायका हसतात. मग ती जरा थांबते आणि आवाज खाली येतो.

"पोरगं झालं. वार पडंना."

आता कोणी हसत नाही. तिचे स्वतःचे केस तिच्याच तोंडात घालून आजीनं तिला ओकारी आणली होती. ओकारीच्या जोरानं पोट आवळतं आणि वार सुटते, हा जुना उपाय. सुटली नाही. अंगाखालचं गोधडं भिजलं, दुसरं घातलं, तेही भिजलं. पहाटे दोन डोंगर उतरून तिला डोलीतून सडकेला आणलं, तिथून जीपनं दवाखान्यात. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा ती डोळे उघडून बोलली.

"तवा मी भ्याले," आजी म्हणते. सगळ्यांसमोर, स्पष्ट. "हातात होतं ते समदं केलं. पुढं माझ्या हातात काय नव्हतं."

"तुमचा काय दोष, आजी?" सावळी बाई तिच्या गुडघ्यावर हात ठेवते. "पण दुसऱ्या टायमाला मी म्हणलं, घरी नाय. इथं आले. शिस्टरनी पोर बाहेर आल्याबरोबर मांडीत इंजेक्शन दिलं. वार धा मिंटात पडली. रक्त बी एवढंसं गेलं."

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. दहा युनिट, बाळ जन्मल्यावर मिनिटाभरात. आतल्या खोलीत फ्रिजच्या कप्प्यात त्याच्या बोटभर कुप्या ओळीनं उभ्या आहेत. उन्हात राहिलं तर त्याची ताकद जाते. या देशात बाळंतपणात जीव गेलेल्या बायांपैकी किती तरी जणी रक्त जाऊन गेल्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळ जणींसाठी एवढीशी कुपी वेळेवर पुरली असती. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले, देशात ९७. हे आकडे कमी झाले त्यात या कुपीचा, रक्तपेढीचा आणि गाडीचा मोठा वाटा आहे. ते मला इथं बसून विसरायचं नाही, कारण यापुढे ऐकायचं आहे ते वेगळं आहे.

"मंग दवाखानाच बरा ना?" पहिलटकरीण विचारते.

सावळी बाई लगेच हो म्हणत नाही. "बरा. पण आडवं निजवून ठेवलं. उठू दिलं नाय. सासू दाराबाहेर. शिस्टर चांगली, पण तिला तीन बाया आन् ती एकटी. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मी एकलीच कळा देत होते."

आता तिच्या शेजारची बोलू लागते. नवरा चाकणला कंपनीत, ही तिथंच राहते, बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. पहिलं बाळंतपण शहरात, खाजगी दवाखान्यात, सिझर. मुलगा आता तीन वर्षांचा, मांडीवर बिस्किट खात बसला आहे.

"संध्याकाळी कळा सुरू झाल्या. रात्री डॉक्टर आले, म्हणाले पाणी कमी झालंय, सिझर करावं लागंल. नवऱ्याची सही घेतली. मला कोणी काही सांगितलं नाही. खरंच पाणी कमी होतं की नव्हतं, मला आजपर्यंत माहीत नाही." ती पोटावरून पदर सारखा करते. "असेलही कमी. पण माझ्या पोटातलं होतं ना ते? मला सांगायला काय झालं होतं?"

दोन मिनिटं बसून बोलायला त्या डॉक्टरांना वेळ नव्हता, म्हणून या बाईच्या मनात तीन वर्षं हा प्रश्न कुसळासारखा रुतून राहिला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या चार बाळंतपणांतलं एक सिझर निघालं. देशभरात खाजगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के, सरकारी दवाखान्यांत १४.३. यातली कोणती शस्त्रक्रिया गरजेची आणि कोणती नव्हती, हे आकड्यावरून ठरत नाही. पण एवढी मोठी तफावत बायकांच्या शरीरातल्या फरकानं पडत नाही, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही.

"आणि कळा देताना मी रडले," ती म्हणते, "तर तिथली आया म्हणाली, नवऱ्याजवळ जाताना नव्हतं का रडू आलं?"

बाकावर कोणी बोलत नाही. तीन-चार बायका नुसत्या मान हलवतात, आणि त्या मान हलवण्यातच कळतं की हे वाक्य त्यांनीही ऐकलेलं आहे, दुसऱ्या गावात, दुसऱ्या तोंडून. पहिलटकरणीची आई मुलीच्या कानावर हात ठेवावा तसा तिचा पदर डोक्यावर ओढते. मला संताप येतो. वेदनेनं अर्धमेल्या झालेल्या बाईला हे ऐकवलं जातं, आणि पिढ्यान् पिढ्या बायका ते घरी येऊन गिळून टाकतात.

२०१९-२१ च्या त्याच पाहणीनुसार राज्यातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. २००५-०६ मध्ये हाच आकडा ६४.६ होता. सुईण मागं पडली आणि तिच्याबरोबर रात्रभर शेजारी बसणारी बाईही गेली. रक्त थांबवणारा हात आला, कंबर चोळणारा गेला. या बाकावरच्या बायका डॉक्टर की सुईण असा निवाडा करत बसलेल्या नाहीत. त्यांना दोन्ही हवं आहे, एकाच खोलीत. हे अशक्य मुळीच नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी गावातल्या दायांकडून शिकून, त्यांना शिकवून काम उभं केलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं परिचारिकांना दीड वर्षाचं प्रशिक्षण देऊन मिडवाइफ तयार करायचं धोरण आणलं: नॉर्मल बाळंतपण तिनं करायचं, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे. कागदावर ते उत्तम आहे. इथल्या सिस्टरला मात्र आज सकाळपासून लसीकरण, वजनं, रक्त तपासणी आणि ऑनलाइन नोंदी एकटीनं उरकायच्या आहेत.

गाडीचा हॉर्न वाजतो. डॉक्टरीणबाई आल्या. साडीचा काठ चिखलानं भरलेला, दरडीजवळ उतरून चालत आल्या म्हणतात. चहाला नको म्हणून थेट टेबलाशी बसतात.

पहिलटकरणीचा नंबर पहिला. पडद्याआड आजीही शिरते, कोणी अडवत नाही. डॉक्टरांच्या आधी तीच मुलीच्या पोटावर दोन्ही हात ठेवते, वरून खाली चाचपत येते. "डोकं खाली हाय. पण पोर बारीक हाय."

डॉक्टर तिच्याकडे बघतात, मग टेप घेऊन पोटाची उंची मोजतात. एकतीस सेंटिमीटर. "चौतीस आठवडे झालेत, म्हणजे तीनेक कमी आहे. बरोबर आहे आजी, बाळ बारीक आहे."

मग पट्टा दंडाला बांधतात. १५०-१००. पाच मिनिटं थांबून पुन्हा बांधतात. १५०-१००. सिस्टर लघवीच्या बाटलीत पट्टी बुडवून खिडकीशी उजेडात धरते. पट्टीचं पिवळं टोक बघता बघता हिरवं होतं. प्रथिनं जाताहेत.

"डोकं दुखतं का? डोळ्यांपुढं चमकतं?"

"दोन दिसांपासून दुखतंय. मला वाटलं उन्हापावसानं."

"पाय सुजलेत ते मी बघितलं होतं," आजी म्हणते. "मला वाटलं, चिखलात उभी राहून सुजलेत."

"बाळ बारीक आहे हे तुमच्या हाताला कळलं," डॉक्टर तिला म्हणतात. आवाजात कौतुक आहे, घाईही आहे. "का बारीक आहे, ते हाताला कळत नाही, आजी. रक्तदाब वाढला की वारेतून बाळाला पुरेसं रक्त जात नाही. आणि तो असाच वाढला तर हिला झटके येतील. ही आज घरी जाणार नाही."

कार्डावर निळं स्टिकर लागतं. जोखीम नसेल तर हिरवं, जोखमीचं असेल तर लाल, गरोदरपणात रक्तदाब वाढला तर निळं. रक्तदाबाची गोळी देऊन मुलीला डाव्या कुशीवर निजवतात. सिस्टर १०२ ला फोन लावते, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात कळवते. आई कोपऱ्यात उभी राहून रडते आहे, मधूनच विचारते आहे, शेतात राबवली म्हणून झालं का? नाही, असं डॉक्टर तिला दोनदा सांगतात.

मुलगी मात्र एकच विचारते. "तिथं आत माझ्यासंगं कोण येईल?"

"एक बाई येऊ शकते," सिस्टर म्हणते. "२०१६ पासून तसा नियमच आहे. स्वतः बाळंत झालेली हवी, कपडे स्वच्छ हवेत, कामात मधे हात घालायचा नाही. कोण येणार?"

मुलगी आईकडे बघते, मग आजीकडे. "आजी."

"आजी, तिथं काही करायचं नाही हं," डॉक्टर बजावतात. "केस तोंडात नाही, पोट दाबणं नाही."

"हात बांधून बसंन," आजी म्हणते. "पण तिच्यापाशीच बसंन. मला उठवायचं नाय."

सिस्टर संदर्भचिठ्ठीवर तळाशी एक ओळ जास्तीची लिहिते: सोबतीला आजी, प्रसूतिकक्षात राहू द्यावे. गाडी येते. आई पिशवीत दोन लुगडी आणि स्टीलचा डबा कोंबून देते. आजी गाडीत चढताना हातातल्या काठीसकट आधी नातीजवळची जागा धरते.

व्हरांड्यात चाकणवालीला हाक येते. ती आत जाऊन उभ्या उभ्याच विचारते, "मला या वेळेला नॉर्मल होईल का?"

डॉक्टर तिचा जुना कागद उलगडतात, टाका कुठं आहे बघतात, मधल्या वर्षांचा हिशोब करतात. "प्रयत्न करता येईल. पण जिथं ऑपरेशनची खोली आणि रक्त दोन्ही आहे तिथंच. जुना टाका आतून ताणला तर थांबायला वेळ नसतो. कळत जाईल तसं प्रत्येक वेळी तुला सांगायचं, असं मी लिहून देते. सही तुझीही घ्यायची."

दारातून सावळी बाई आत डोकावते. तिचा नंबर अजून बराच मागं आहे.

"शिस्टर, तो नियम सगळ्यांना हाय का?"

"सगळ्यांना."

"मंग मागच्या टायमाला माझी सासू दाराबाहेर का बसली?"

सिस्टर पेन खाली ठेवते. "तेव्हा आमच्याकडं पडदे नव्हते. एका खोलीत तिघी होत्या. आता लावलेत."

"तर लिहा माझ्या कार्डावर. या खेपेला जाऊबाई येणार. दोन लेकरं झाल्यात तिला." ती कार्ड टेबलावर ठेवते आणि लिहून होईपर्यंत तिथून हलत नाही. तिच्यामागं आणखी दोघी आपापली कार्डं घेऊन उभ्या राहतात.