नत्र टाकले किती, बटाट्यात उतरले किती

आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आम्ही पावसाळी बटाटा करतो. जूनमध्ये पाऊस होऊन वाफसा आला की लागवड, गणपती-नवरात्राच्या सुमाराला काढणी. इथे कुणाच्याही बांधावर गेलात तरी चौकशी ठरलेली: एकास किती? एक पिशवी बेण्याला दहा पिशव्या माल निघाला, तर एकास दहा. मी वहीत या आकड्याशेजारी आणखी एक आकडा लिहिते, तो म्हणजे एक किलो नत्रामागे किती किलो बटाटा निघाला. बटाटा करणाऱ्या प्रत्येकाने तो काढावा, असे मला मनापासून वाटते.

हिशेब अवघड नाही. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असते. एकरी तीन गोण्या दिल्या की ६२ किलो झाले. आता काढणीकडे या. आठ क्विंटल बेण्याला एकास दहा उतारा पडला, तर माल ८ टन. ताज्या बटाट्यात टनामागे साधारण तीन ते साडेतीन किलो नत्र असते. म्हणजे पिशव्या भरून बाजारात गेले ते २४ ते २८ किलो, आणि त्यातलाही काही वाटा जमिनीने आणि शेणखताने दिलेला. थोडे नत्र पाल्यात राहते, ते कुजून मातीत परत जाते. मग उरलेले गेले कुठे?

त्याला निसटायला तीन वाटा आहेत. युरिया उघड्यावर पडला आणि लगेच पाऊस किंवा पाणी मिळाले नाही, तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडतो. मातीत गेलेल्या युरियाचा आधी अमोनियम होतो, मग जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. जुलैची झड लागली की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली जाते. पाणी तुंबलेल्या जागी हवेअभावी जिवाणू त्याच नायट्रेटचे वायू करून टाकतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा वायू तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जहाल आहे.

बटाट्याला ही गळती जास्त भोवते, कारण त्याची मुळे आखूड. बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ज्वारीचे मूळ खोल उतरून खालचे अन्न उचलते, बटाट्याच्या हातून गेलेले नायट्रेट गेलेच.

म्हणून किती दिले याच्याइतकेच केव्हा दिले हेही महत्त्वाचे. लागवडीनंतर महिन्याभराने एक झाड मुळासकट उपटून पाहा. खाली लावलेली फोड मऊ, पोकळ झालेली असते. सुरुवातीचे पोषण तिनेच पुरवले, त्या काळात पिकाला वरचे नत्र फारसे लागत नाही. जमिनीखालच्या पांढऱ्या फांद्या पाहा. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असतात, आणि काही टोकांवर हरभऱ्याएवढी गाठ धरलेली दिसते. पिकाची खरी भूक आता सुरू होते आणि पुढचा महिनाभर जोरात राहते. लागवडीलाच सगळा युरिया ओतला, तर भूक लागेपर्यंत पाऊस त्यातला बराच धुऊन नेतो. म्हणून आम्ही थोडा वाटा लागवडीला देतो आणि उरलेला भर लावताना, झाडाच्या बगलेला टाकून लगेच मातीआड करतो. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबतो. रब्बीत ठिबक असेल तर हाच हप्ता आणखी लहान तुकड्यांत देता येतो.

२०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया कडुनिंबाचा लेप लावून येतो. त्याने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण अवेळी किंवा गरजेपेक्षा जास्त दिलेले खत तो वाचवू शकत नाही. वाणाचाही भाग असतोच. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचे ‘कुफ्री गौरव’ हे वाण खताचा चांगला उपयोग करून घेणारे म्हणून ओळखले जाते.

जास्त नत्राचे पीक दिसायला देखणे असते. गर्द हिरवा, कमरेला लागणारा पाला. पण झाड पाला वाढवण्यात गुंतले की गाठी उशिरा धरतात, काढणीला साल कच्ची राहते, पाला दाट आणि ओला राहिल्याने करप्याला आयते घर मिळते. आमच्याकडे वेफर्स कंपन्यांच्या करारावर पुष्कळ बटाटा होतो. त्यांना घट्ट, कमी साखरेचा माल लागतो. नत्र चढलेल्या कच्च्या बटाट्यात घट्टपणा कमी, साखर जास्त. तळल्यावर वेफर तपकिरी पडतो आणि माल परत येतो.

आणि पाणी. खाली गेलेले नायट्रेट अखेर विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाले की पावडरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहणे जड जाते. शेतात कोणते खत किती टाकायचे, हा म्हणूनच फक्त शेतमालकाचा प्रश्न राहत नाही.

आपल्या जमिनीची स्वतःची ताकद कळावी म्हणून मी दरवर्षी दोन सऱ्या युरियाशिवाय ठेवते. शेणखत, स्फुरद, पालाश बाकी शेतासारखेच. काढणीला त्या दोन सऱ्यांचा माल वेगळा तोलायचा, शेजारच्या दोन सऱ्यांचा वेगळा. दोन्हींतला फरक म्हणजे युरियाने खरोखर दिलेला बटाटा. तो फरक थोडा निघाला, तर पुढच्या वर्षी माती तपासून घ्यायची आणि गोणी कमी करायची.

तीन गोण्यांवर ८ टन म्हणजे किलो नत्रामागे सुमारे १३० किलो बटाटा. तोच उतारा दोन गोण्यांवर आला, तर १९० च्या पुढे. युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे पावणेतीनशेच्या आत मिळते, म्हणून वाया गेलेली गोणी आपल्याला खुपत नाही. तिची उरलेली किंमत सरकारी तिजोरी भरते, विहीर भरते, हवा भरते. मंचरच्या बाजारात पट्टी हातात पडल्यावर ‘एकास किती’ विचाराच. त्याच्या पाठोपाठ ‘किलोमागे किती’ हेही विचारायची सवय आता आपण लावून घेऊ.