मातीची मात्रा

सांगलीहून मिरजेकडे निघालं की विश्रामबाग संपता संपता वॉन्लेसवाडी लागते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं आणि त्यांचंच नाव पुढे इथल्या क्षयरोग आरोग्यधामाला मिळालं. स्ट्रेप्टोमायसिन येण्याआधी क्षयावर हमखास औषध नव्हतं. मोकळी हवा, सकस अन्न आणि भरपूर विश्रांती यांवर जगभरची आरोग्यधामं चालत. इंग्लंडमधल्या फ्रिमलीच्या डॉ. मार्कस पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात श्रमाची भर घातली. ताप उतरलेल्या रुग्णाला ते आधी चालायला लावत, मग मातीची टोपली वाहायला. पुढे लहान फावडं, मोठं फावडं आणि सगळ्यात शेवटी कुदळ. कुणी किती माती उचलायची, हे औषधाच्या मात्रेसारखं ठरलेलं असे.

आजचा बागकामातून उपचार याच तत्त्वावर उभा आहे. ब्रिटनमध्ये ‘थ्राइव्ह’ ही संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम करते. छंद म्हणून कुंड्यांना पाणी घालणं चांगलंच, पण उपचारात माणूस पाहून काम ठरवतात आणि प्रगतीची नोंद ठेवतात. अर्धांगवायूनंतर बोटं वळत नसतील तर आधी घेवड्याचं टपोरं बी पेरायचं, चिमूट जमू लागली की मेथीचं. तोल सावरायला उभ्याने करायची कामं, एकाग्रतेसाठी रोपांची पुनर्लागण. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी गवती चहा, पानओवा, मोगरा अशी वासाची झाडं लावतात. कण्हेर आणि धोतरा मात्र तिथे चुकूनही नकोत, दोन्ही विषारी आहेत.

या सगळ्याला आधार काय, असं कुणी विचारलं तर दोन अभ्यास सांगता येतील. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या २३ जोड्या तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. नेदरलँड्समध्ये २०११ साली ३० हौशी बागकऱ्यांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांनी अर्धा तास बागकाम केलं, निम्म्यांनी वाचन. लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्यांचं जास्त. हे अभ्यास लहान आहेत. बागकामाने औषधं बंद होतात असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

मला मात्र आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण या आकड्यांहून मोलाचं वाटतं. आटपाडी तालुका तेव्हा औंध संस्थानात होता. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. ही कैद्यांची वसाहत, पण तिला भिंत नाही. खुनासारख्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारी माणसं इथे शेती करत, बायकामुलांसह राहत. दुष्काळी माळ, पावसाचा भरवसा नाही, तरी पीक काढायचं ते आपल्याच हातांनी. पळून जायला वाट मोकळी असताना माणूस थांबतो, कारण त्याच्यावर अवलंबून असलेलं काहीतरी तिथे वाढत असतं. संस्थान विलीन झालं, तरी वसाहत टिकली. आटपाडी तालुक्यातल्याच शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून कथा रचली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहे, स्वतंत्रपूर फार थोड्यांना. याचं मला वाईट वाटतं.

वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे यांनी आनंदवन उभं केलं, तेही कुष्ठरुग्णांच्या श्रमातून. ज्यांना समाजाने टाकलं, त्यांनी पिकवलेलं धान्य हाच त्यांच्या प्रतिष्ठेचा पुरावा ठरला. एकट्याच्या बागेपेक्षा सामायिक वाफ्याची ताकद मोठी, ती यासाठी. आज कुणी आलं नाही तर दुसरा विचारतो, ‘काय हो काका, बरं आहे ना?’

विश्रामबागेत हे जमण्यासारखं आहे. १९१९ चं विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी इथेच आहेत, मिरजेची रुग्णालयं जवळ आहेत आणि दुपार कशी काढावी या विवंचनेतले निवृत्त लोक प्रत्येक गल्लीत आहेत. आपली काळी माती पावसात चिकटते, उन्हात भेगाळते. म्हणून तिच्यात शेणखत, थोडी वाळू आणि साखर कारखान्याचं प्रेसमड खत मिसळावं, वरून उसाच्या पाचटाचं आच्छादन द्यावं. वाकता न येणाऱ्यांसाठी विटांचा कमरेइतका उंच वाफा बांधावा. एकाच बाजूने हात घालायचा असेल तर रुंदी दोन फूट पुरे. चाकाच्या खुर्चीसाठी वाफ्याची उंची कमी आणि खाली गुडघ्यांना जागा हवी. मातीत हात घालण्याआधी धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावं, आणि मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर उन्हात काम करण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या कोपऱ्यात चार घरांनी मिळून एक वाफा या दिवाळीनंतर नक्की करा आणि शेजारचं खचलेलं, एकटं पडलेलं माणूस त्यात आवर्जून ओढा. सुरुवात मेथीपासून करा: ती चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते.