पातळ पडद्याचा निर्मळ सूर

नेहमीच्या स्पीकरमध्ये चुंबकाच्या फटीत बसवलेले तारेचे वेटोळे संगीताच्या विद्युतप्रवाहाबरोबर मागेपुढे हलते आणि त्याला जोडलेला कागदी शंकू हवा ढकलतो. परंतु जोर केवळ शंकूच्या मुळाशी लागत असल्याने त्याचा सर्व पृष्ठभाग एकसारखा हलत नाही, शिवाय ज्या पेटीत तो बसवतात तिचा घुमाराही मूळ सुरात मिसळतो. स्थिरविद्युत स्पीकर या दोन्ही दोषांना जागाच ठेवत नाही, आणि त्याच्या आकर्षणाचे मूळ त्यातच आहे.

या स्पीकरमध्ये वेटोळे, शंकू आणि पेटी यांपैकी काहीच नसते. केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र, विद्युतवाहक पत्र्यांच्या मध्ये ताणून बसवलेला असतो आणि त्याच्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. संगीताचा विद्युतदाब रोहित्राने वाढवून पत्र्यांना दिला, की एक पत्रा पडद्याला ओढतो आणि त्याच क्षणी दुसरा ढकलतो. हा जोर पडद्याच्या सर्व भागांवर सारखा पडतो, आणि पडद्याचे वजन बोटभर जाडीच्या हवेच्या थराइतकेच असल्याने तो सुराबरोबर हलतो व सुराबरोबरच थांबतो. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जवारीतून उमलणारे बारीक स्वर किंवा गायकाने आलापापूर्वी घेतलेला श्वास अशा स्पीकरवर वेगळा ऐकू येतो, तो यामुळेच.

इंग्लंडमधील हंटिंग्डन येथे अभियंता पीटर वॉकर यांनी ही कल्पना घरोघरी वापरण्याजोगी केली. पडद्यावरील भार एका जागेवरून दुसरीकडे सरकला तर आवाज विकृत होतो, म्हणून विजेला मोठा रोध करणारा लेप देऊन तो जागच्या जागी राखणे, हे या रचनेचे मर्म होते. त्यांचा ‘क्वाड’ स्पीकर १९५७ मध्ये विक्रीस आला आणि १९८५ पर्यंत तयार होत राहिला. १९६३ मध्ये काम सुरू झालेला त्यांचा दुसरा स्पीकर १९८१ मध्ये बाजारात आला. त्यात विद्युतसंकेत मध्यापासून कडेकडच्या वलयांपर्यंत किंचित उशिराने पोहोचवल्यामुळे सर्व आवाज पडद्यामागील एकाच बिंदूतून येत असल्याचा भास होतो.

या गुणांची किंमतही मोजावी लागते. पडदा पुढे आणि मागे सारखाच आवाज टाकतो, त्यामुळे खर्जाच्या लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारक ठरतात. म्हणून पडदा रुंद करावा लागतो आणि स्पीकर मागच्या भिंतीपासून दूर ठेवावा लागतो. उच्च दाबामुळे धूळ ओढली जाते, दमट हवेत भार गळतो, आणि मोठ्या समारंभाला पुरेल असा आवाज त्यातून निघत नाही. मात्र घरच्या खोलीत, मध्यम आवाजात, गळा आणि तंतुवाद्ये लक्षपूर्वक ऐकणाऱ्यासाठी या उणिवा गौण आहेत. १९५७ च्या रचनेचे स्पीकर नवे पडदे बसवून आजही वापरात ठेवले जातात.