काळोखात तिसरी पट्टी
साध्या दिव्याच्या प्रकाशातली कंपनं त्याच्या मार्गाला काटकोनात, पण कोणत्याही दिशेनं होत असतात. पोलरॉइडची पट्टी त्यातला आपल्या अक्षाला समांतर असलेला घटक तेवढा पलीकडे सोडते. पहिल्याच पट्टीत निम्मा प्रकाश अडतो. आता तिच्यावर दुसरी पट्टी धरून सावकाश फिरवा. दिवा मंदावत जातो आणि ९० अंशांवर मिट्ट काळोख होतो. दुसऱ्या पट्टीतून किती प्रकाश पार होईल, याचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ मालुस यांनी १८०९ च्या सुमारास मांडला: अक्षांमधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग, तेवढा अंश.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती प्रत्येक शाळेत दाखवायला हवी. त्या काळोख्या जोडीच्या मधे तिसरी पट्टी ४५ अंशांत सरकवा. अडथळा वाढूनही दिवा पुन्हा दिसू लागतो! पट्टी चाळणीसारखी फक्त गाळत नाही, ती प्रकाश बदलतेही. तिच्यातून बाहेर पडल्यावर कंपन तिच्याच अक्षाच्या दिशेनं होतं, आधीची दिशा पुसली जाते. म्हणून मधली पट्टी आपल्यापर्यंत आलेल्यातला निम्मा प्रकाश ४५ अंशांत वळवून पुढे देते आणि शेवटची त्यातला निम्मा सोडते. पट्ट्या आदर्श धरल्या, तर मूळ प्रकाशाचा १/८ भाग पार होतो. हीच पट्टी जोडीच्या पुढे किंवा मागे धरली, तर मात्र काळोख तसाच राहतो.